जवळची डबी सोडून

घरात तिला सगळे आत्या म्हणत, पण टेलिफोन खात्यातल्या जुन्या माणसांत तिचं नाव होतं खांबवाली. चेष्टेत पडलेलं नाव, पण तिने ते पदवीसारखं मिरवलं. बाविसाव्या वर्षी ती लाइनमनच्या जागेवर लागली, तेव्हा त्या हुद्द्यासाठी बाईला काय म्हणायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी तक्रारी लिहून घ्यायच्या टेबलावर बसवलं. "खांबावर चढायचं काम आहे, बाई. पडलात तर निस्तरायचं कोणी?"  जेवणाच्या सुट्टीत ती आवारातल्या सरावाच्या खांबावर चढली, पट्टा अडकवून वरच डबा खाल्ला आणि सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर निवांत खाली उतरली. दुसऱ्या दिवशी टेबलावर दुसरंच कुणीतरी होतं.

पुढची एकतीस वर्षं तिने तारांत काढली. लाइन बंद पडली की बाकीचे आधी ऑफिसात बसून तर्क लढवायचे. ही पायात बूट चढवून लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायची. चालताना दिसेल ते वहीत लिहायची. खात्यात तिच्या वह्यांचा दबदबा होता.

निवृत्तीनंतर ती भावाच्या घरी तळमजल्यावर राहत होती. भाऊ गेला होता. घरात भाचा आणि भाचेसून. घर अरुंद आणि उंच, एकावर एक ठेवलेल्या तीन खोक्यांसारखं. सगळ्यात वरच्या खोलीत भाचेसुनेची शाळा भरायची. ऐकू न येणाऱ्या मुलांना ती शिकवायची. तिची सात मुलं लांबलांबच्या गावांत होती, म्हणून वर्ग लॅपटॉपच्या पडद्यावर आणि सगळं बोलणं हातांच्या खुणांनी.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. चित्र मध्येच थिजायचं. फोनवर आवाज तुटला तर माणूस अंदाजाने वाक्य जोडून घेतो. हाताची खूण अर्ध्यावर थिजली तर जोडायचं काय? एकदा भाचेसुनेने सांगितलं, "उद्या सुट्टी नाही." 'नाही'च्या आधीच चित्र थांबलं आणि दुसऱ्या दिवशी तीन मुलं आलीच नाहीत. सगळे हसले, ती मात्र हसली नाही. मुलं आता हळूहळू कंटाळत होती. त्यातच शाळेचं पत्र आलं की शुक्रवारी समितीचे तिघे वर्ग पाहायला पडद्यावर हजर राहतील, आणि असा लांबून वर्ग चालू ठेवायचा की नाही ते त्यानंतर ठरेल.

घरात वायफायच्या तीन डब्या होत्या. तळमजल्यावर स्वयंपाकघरात एक, मधल्या मजल्यावर एक आणि वरची तर शाळेच्या खोलीच्या दाराबाहेर, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. तरी लॅपटॉप धरून बसायचा तो तळमजल्यावरच्या डबीला. इंटरनेट कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. पहिल्या वेळी म्हणाला, भिंती जाड आहेत. दुसऱ्या वेळी मधली डबी बसवून गेला, आणि त्याने काडीचाही फरक पडला नाही.

सोमवारी तो तिसऱ्यांदा आला आणि चौथी डबी सुचवू लागला, तेव्हा आत्या खुर्चीतून उठली.

"चौथीने काय होणार? तो जवळचीलाच विचारत नाहीये."

"आजी, हे तुमच्या वेळच्या फोनसारखं नसतं. यात तार नसते."

"तार नसली तरी रस्ता असेल ना? की तोही नसतो?"

भाचा मध्ये पडला. "आत्या, राहू दे ना. त्यांचं काम त्यांना करू दे."

"करू दे की. मी कुठे त्याचा हात धरलाय?" म्हणत तिने कपाटातून कोरी वही काढली. भाचेसुनेकडून फोनमध्ये एवढंच शिकून घेतलं की कोण कुठल्या डबीला चिकटलंय ते कुठे दिसतं.

जिन्याला एकेचाळीस पायऱ्या होत्या. आत्या फोन हातात धरून तळापासून निघाली. पहिली, सहावी, अकरावी, अशी दर पाच पायऱ्यांनी थांबायची, बघायची, लिहायची. गुडघे कुरकुरत होते, त्यांना तिने दाद दिली नाही. वर पोचेपर्यंत फोनने खालची डबी सोडलीच नाही. मग ती गच्चीवर गेली, फोनचं वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं. आता त्याने वरची डबी धरली, आणि खाली चपलांच्या कप्प्यापर्यंत येऊनही तो तिलाच लोंबकळत राहिला. मंगळवारी सकाळी तिने पुन्हा तेच केलं, या वेळी भाचेसुनेचा लॅपटॉप घेऊन. तोच प्रकार.

"सकाळी हा पहिल्यांदा उघडतेस कुठे?" तिने विचारलं.

"खाली, स्वयंपाकघरात. चहा घेता घेता निरोप बघते, मग तसाच उघडा घेऊन वर जाते."

आत्याने वही मिटली. तिचा चेहरा असा उजळला की भाचेसून बघतच राहिली.

कंपनीच्या माणसाला तिने फोन करून बोलावलं आणि वही त्याच्यापुढे ठेवली. "दोष भिंतीचा नाही. कुठली डबी धरायची ते लॅपटॉप ठरवतो. पहिली सापडली ती धरली, आणि तिचा आवाज जिन्यातून वरपर्यंत थोडा जरी ऐकू आला तरी तो सोडत नाही. खालची बाई फार मोठ्याने ओरडते रे. तिला जरा हळू बोलायला लाव."

तो वही वाचत राहिला. पानं उलटून पुन्हा मागे गेला. मग त्याने खालच्या डबीचा जोर कमी केला. भाचेसून लॅपटॉप घेऊन जिना चढली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने खालची डबी सोडली आणि वर पोचताच दाराबाहेरची धरली. घरात टाळ्या वाजल्या.

पण त्या दिवशीच्या वर्गात चित्र पुन्हा दोनदा थांबलं.

आत्याला रुखरुख लागली.  बुधवारी सकाळी तिने त्या माणसाला पुन्हा बोलावून विचारलं, "वरच्या डबीला कोण पुरवतं?"

"मधली. हवेतूनच. आणि मधलीला खालची."

"म्हणजे वरचीला दुसऱ्याचं उष्टंच मिळतं. तिला थेट तार दे."

"भिंत फोडावी लागेल, आजी."

"काही फोडायचं नाही." तिने जिन्याखालचं कपाट सरकवलं. मागे भिंतीत टेलिफोनच्या जुन्या तारेचा पाइप होता, थेट वरच्या खोलीपर्यंत गेलेला. घर बांधलं तेव्हा तिनेच तो टाकून घेतला होता. मेलेली तार अजून आत होती. तिच्या टोकाला तिने नवी तार बांधली, गाठीवर चिकटपट्टी गुळगुळीत गुंडाळली. ती वर बसून ओढू लागली, तो खालून सरकवू लागला. वळणावर तार अडली. तो हिसका देणार तोच वरून आवाज आला, "ओढाओढ नको! मी वरून साबणाचं पाणी सोडते, थांब जरा!" पाच मिनिटांनी तार लोण्यासारखी वर आली. तिने टोक दाराबाहेरच्या डबीत खोचलं, त्याने खालचं टोक खालच्या डबीत. 

शुक्रवारी भाचेसुनेने तिला हट्टाने वर्गात मागे बसवलं. समितीचे तिघे पडद्याच्या कोपऱ्यात होते. एका मुलीने शेळीने आपली वही कशी खाल्ली त्याची गोष्ट सुरू केली. हात भराभर चालत होते. शेळी, वही, धावाधाव, पुन्हा शेळी. आत्याला खुणा फारशा कळत नव्हत्या, पण एकही हात मध्ये थिजत नव्हता, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पाऊण तास झाला. समितीतल्या बाई शेवटी म्हणाल्या, "वर्ग चालू ठेवा. आणखी पाच मुलं वाट बघताहेत, त्यांनाही घ्या."

भाचेसून मुलांकडे वळली. तिने हातांनी काहीतरी सांगितलं आणि आत्याकडे बोट केलं. लगेच पडद्यावरच्या साती चौकटींत दोन-दोन हात वर गेले आणि पंजे हवेत थरथरू लागले.

"काय म्हणताहेत?" आत्याने विचारलं.

"टाळ्या वाजवताहेत, आत्या. तुमच्यासाठी."

आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तिनेही दोन्ही हात वर केले.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला, तक्रार नसताना. जरा चाचरतच म्हणाला, "आजी, ती वही मिळेल का? आमच्या बाकीच्या लोकांना दाखवतो. कुणी पायऱ्या मोजतच नाही."

"वही मिळणार नाही. उतरवून घे."

तो जिन्यातच बसून लिहू लागला. आत्या कठड्याला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली, ताठ.

"ती सव्विसावी पायरी," ती म्हणाली. "पंचवीस लिहिलंस तू. नीट कर."