माझी बंडी आणि त्यांचा शर्ट

"पाहा माय हो, हा आपला परीट! लोकाइचे कपडे धुते, अन् याच्या आंगावरची बंडी पाहा!"

अनसिंगच्या भरल्या बाजारात दुकानदार शेठ माझी बंडी दोन बोटांनी उचलून बोलत होता. बंडी माझ्या अंगातच होती. मेलेला उंदीर उचलावा तशी त्यानं ती धरली होती. लोक हसले. ज्यांच्या घरची धुणी मी वर्षानुवर्षं धुतली, तेही हसले.

साबणाच्या कंपनीची गाडी आली होती. दिवेलागणीला गाडीवर पांढरा पडदा ताणून त्यांनी सिनेमा दाखवला. त्यात एक काळाकुट्ट परीट दात विचकून दगडावर कपडे आपटतो. कपडा फाटतो, काळं पाणी वाहतं. मग एक गोरी बाई येते, साबण चोळते, कपड्यातून चांदण्या उडतात. बायका आ वासून पाहत होत्या. चांदण्या उडणारा कपडा कोणाच्या बापानं पाहिला होता?

सिनेमा संपला आणि शेठनं मला हाताला धरून गाडीच्या फाळक्यावर चढवलं, आणि तिथंच माझी बंडी उचलून लोकांना दाखवली. गावात साबण विकायचा ठेका त्याचाच. कंपनीच्या साहेबानं एक शर्ट उंच धरला.

"आमच्या साबणानं धुतलेला!"

शर्ट खरंच झगमगत होता. मी नीट पाहिलं. शर्टामागे गर्द निळं कापड, आणि गॅसबत्तीचा सगळा उजेड शर्टावर. मला उभं केलं होतं पांढऱ्या पडद्यापुढे, अंधाऱ्या बाजूला. तिथं नवंकोरं धोतरही मळकं दिसलं असतं. यांचा सगळा धंदा एका बत्तीवर चालला होता.

आणि तो शर्ट मी ओळखला. सकाळीच गाडीवाल्यानं माझ्याकडे सहा शर्ट टाकले होते. ते मी पापडखारात घालून भट्टीवर चढवले, नदीवर खळखळले, नीळ दिली, कांजी दिली, इस्त्री केली. त्यांच्या साबणाच्या पेट्या तेव्हा खिळे ठोकलेल्या होत्या.

"हा शर्ट म्या धुतला," मी म्हणालो.

"चूप बे परट्या," शेठ म्हणाला. "खाली उतर."

मी साहेबाच्या हातातून शर्ट ओढला आणि कॉलर उलटी केली. कोणाचाही कपडा आला की आम्ही बिब्ब्यानं खूण करतो. ती कधी जात नाही. पुढं बसलेल्या म्हातारीसमोर मी कॉलर धरली.

"अव माय! हे त् आपल्या परटाची खूण व्हय!"

साहेब माझ्या कानाशी आला. "दोन रुपये घे आणि उतर."

"पाच."

"बरं, पाच."

"दहा."

"दहा घे, पण आता तोंड बंद ठेव."

मी लोकांकडे वळलो आणि ओरडलो, "हे साहेब मले चूप बसाचे दहा रुपये देऊन राह्यले! साबण खरा असता त् काहून देल्ले असते?"

आता लोक त्यांना हसले. त्या हसण्याचं मला काडीचं कौतुक नाही. पुढच्या बाजारी त्यातल्याच निम्म्या बायका शेठच्या दुकानातून साबणाची वडी पदरात घेऊन निघाल्या. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, पण चांदण्या त्यांनी पाहिल्या होत्या.

चार दिवसांनी शेठचा गडी धुण्याचं गाठोडं घेऊन दारात आला. "शेठ म्हनते, झालं गेलं सोडून दे." साबण विकणाऱ्याच्या घरची धुणी, आणि ती आली माझ्या भट्टीवर! मी गाठोडं तसंच त्याच्या डोक्यावर ठेवलं.

गावातली मोठी माणसं समजवायला आली. "सा घरं तुटतीन तुही." शेठच्या भावकीच्या सहा घरांची धुणी खरंच तुटली. तुटू दिली. वाशीमला जाऊन हॉटेलांची धुणी धरली आणि बायको-पोरं जगवली.

लग्नाचा शालू असो की मौतीची चादर, शेठच्या घरचं एक फडकं मी त्यानंतर पाण्यात घातलेलं नाही. मी जिवंत आहे तोवर घालणार नाही.