बरड कोणाच्या वाट्याला

कोणताही प्रश्न विचारा, सर आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा पुसायचे आणि मग म्हणायचे, "होय बी, अन् नाही बी."

चहा घेणार का, या प्रश्नालाही हेच उत्तर. शिपाई वैतागून त्यांच्यापुढे अर्धा कप ठेवून जायचा.

अन्वी, ईशान, परवा फोनवर तुम्ही म्हणालात की शाळेत चीनमधल्या सुधारणांवर लिहायचं आहे, आजीला त्यातलं काही कळतं का? मी आयुष्यभर यवतमाळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. चीनला कधी गेले नाही. पण चीनच्या सुधारणा मी एका माणसाच्या शेजारी बसून पाहिल्या आहेत, आणि त्यांनी त्या माणसाची झोप आणि भूक कशी घालवली तेही. क्रमाने सांगते.

सर राज्यशास्त्र शिकवायचे. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची माझ्या शेजारी. चीनवरचा पेपर त्यांच्याकडे होता म्हणून मुलं त्यांना चीनचे सर म्हणायची. चीनवरचे इंग्रजी लेख आम्ही मागवायचो. मी मोठ्याने वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं. तरी म्हणायचे, "तुम्हीच वाचा, मॅडम. मी वाचाले बसलो की मले त्यात आमचंच गाव दिसते अन् मी पुढं सरकत नाही."

त्यांचं गाव लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या पुढे. छपन्न साली तिथली काही कुटुंबं बौद्ध झाली. पुढे सरकारने त्यांना पडीत जमीन दिली, पण एकेकाला नाही, सगळ्यांना मिळून. तिची सामुदायिक शेती संस्था झाली. काम एकत्र, पीक एकत्र, वाटणी हजेरीप्रमाणे. सरांचे वडील संस्था काढणाऱ्यांपैकी. ते गेल्यावर सचिवपद सरांकडे आलं. नाल्याकाठची जमीन काळी, भारी. मधली बेताची. आणि टेकडीकडची नुसती बरड, वखर घातला की माती कमी आणि दगड जास्त वर यायचे.

आता चीन. तिथेही सरकारने गावांची शेतं एकत्र केली होती. वावर सगळ्यांचं, म्हणून कोणाचंच नाही, अशी गत झाली. लोक हजेरीपुरते रांगेत उभे राहायचे, काम अंगाला लावून घ्यायचे नाहीत. मग हळूहळू नवी रीत आली. जमीन गावाचीच, पण कसायची ज्याने त्याने. सरकारचा वाटा दिला की उरलेलं पीक घरचं. धान्य भराभर वाढलं. मात्र राज्य कोणी करायचं, हे ठरवायचा हक्क लोकांना मिळालाच नाही. शेजारच्या तैवानमध्ये मात्र कसणाऱ्याला जमीन मिळाली आणि फार वर्षांनी मोकळेपणी मतदानही.

सर वर्गात सांगायचे, "चीननं वावर मोकळं केलं, तोंड नाही. तैवाननं आधी वावर केलं, मग तोंड. आपलं तोंड मोकळं आहे, वावर अडकून पडलं आहे."

हे त्यांनी घरी आईलाही ऐकवलं. ती माउली म्हणाली, "तोंड मोकळं हाये म्हणूनच त तुही मीटिंग संपत नाही, बाबू."

ती वर्षं कापसाच्या हलाखीची होती. आमच्या जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या पेपरांत येऊ लागलं होतं आणि ते वाचताना आम्ही मान खाली घालायचो. सरकारी खरेदी रखडायची. बाजारात व्यापारी सांगायचे, चीनने उचल थांबवली, भाव पडला. सर कसंनुसं हसायचे. "वर्गात चीन, बाजारात चीन. आता फक्त जेवणात येणं बाकी आहे."

जेवणात तो येऊन चुकला होता. संस्थेची बैठक असली की त्यांचा डबा न उघडता परत जायचा.

कारण असं की संस्थेत हजेरी लागत होती, पण काम होत नव्हतं. आणि प्लॉट पाडणारा एक माणूस लोहाऱ्याहून गावात चकरा मारू लागला होता. बहुमताने संस्था मोडली की जमीन विकता आली असती. विका म्हणणाऱ्यांत पुढे होता दशरथ, सरांचा चुलतभाऊ. तो ऑटो चालवायचा, जिभेने तिखट.

"कापूस लावून काय भेटून राह्यलं?" तो म्हणायचा. "इका अन् मोकळे व्हा. जमिनीले काय चाटाचं?"

कॉलेजच्या ऑफिसातून 'सर, फोन' अशी हाक आली की सरांचा चेहरा उतरायचा. जमीन गेल्याचीच बातमी असणार, असं त्यांना दर वेळी वाटायचं. एकदा मी म्हटलं, "सर, गेली तर गेली. तुमची नोकरी आहे ना?"

त्यांनी या वेळी चष्मा पुसला नाही. "मॅडम, माझ्या बापाच्या आधी आमच्या घरात कोणी स्वतःच्या वावरात उभं राहिलं नव्हतं. उद्या त्याच जमिनीवर बंगले होतील अन् आमचीच पोरं तिथं गेटवर चौकीदार म्हणून बसतील. ते मला पाहता येणार नाही."

म्हणून त्यांनी चीनचा उपाय काढला. जमीन संस्थेचीच राहील, पण प्रत्येक घर आपला वाटा कसेल आणि पीक आपलं नेईल. बैठकीच्या आदल्या दिवशी आम्ही एक लेख वाचत होतो. चीनमधल्या कित्येक गावांनी समान वाटणीच्या नादात प्रत्येक घराला प्रत्येक प्रकारच्या मातीचा तुकडा दिला. एकेका घराची शेती दहा दिशांना विखुरली, पट्ट्या चटईएवढ्या झाल्या. आम्ही दोघं हसलो. सर म्हणाले, "बरं झालं वाचलं. एवढी चूक तरी आपण करणार नाही."

रविवारी दुपारी विहारात बैठक भरली. सरांनी मलाही नेलं होतं. त्यांनी सगळं नीट मांडलं. एकेका घराला एकाच जागी सलग वाटा. काळी असेल तर कमी, बरड असेल तर जास्त.

मागच्या बाजूने शांताबाई उभ्या राहिल्या. बोलायला उठल्या की सभा शांत व्हायची, अशा त्या बाई. "मंग बरड कोणाच्या वाट्याले?"

"ज्याची चिठ्ठी निघेल त्याच्या. पण त्याला जमीन जास्त मिळेल, काकी."

"जास्त गोटे भेटतीन म्हना ना! गावानं आमच्या आज्यालेच बरड दाखवली, आमच्या सासऱ्यालेच दाखवली. आता आपणच आपल्या मानसाले बरड देवाची काय? मी नाही घेत. अन् दुसऱ्याले बी देऊ देत नाही."

सगळं विहार एका आवाजात 'बरोबर हाये' म्हणालं. ठरलं ते असं: प्रत्येक घराला थोडी काळी, थोडी मधली, थोडी बरड. मी सरांकडे पाहिलं. कालचा लेख त्यांच्या पिशवीत होता. त्यांनी तो बाहेर काढला नाही.

परतताना मी विचारलं, "गप्प का बसलात?"

"काय बोलू? चूक तर आहे. पण त्या बाईचं काय चुकलं, ते मला सापडेना."

पहिल्या वर्षी वावरं फुलली. माणसं पहाटे उठून आपापल्या पट्टीत जायची. पण दुसऱ्या वर्षी तेच चीनचं दुखणं आलं. पट्ट्यांमधले धुरे, म्हणजे बांधच, इतके झाले की पेरायला जागा कमी. एकाने फवारलं, शेजाऱ्याने नाही, की बोंडअळी इकडून तिकडे. तण काढायला डवरणी करताना बैल वळवायचे तर दुसऱ्याच्या कपाशीत पाय पडणारच. रोज भांडणं, रोज सरांना निरोप. सरांना आता पोटदुखीची गोळी लागायला लागली.

दशरथ भर सभेत म्हणाला, "सर, तुमच्या चीनले सांगून बैलाले रिव्हर्स गेअर बसवून घ्या!"

सगळे हसले. सरही हसले. आणि प्लॉटवाला पुन्हा दिसू लागला.

सरांनी दुसरी योजना आणली, तीही चीनमध्ये कुठे कुठे झालेली. पट्ट्या मोडून मोठे सलग वाटे करायचे आणि दर तीन वर्षांनी ते फिरवायचे. बरड कोणाच्याच कपाळी कायमची नाही. शांताबाईंनी होकाराची मान डोलावली. पण दशरथ उठलाच.

"वा रे वा! मी तीन साल शेणखत टाकून वावर सुधरवाव, अन् मंग ते शांताकाकीनं घ्याव? काहून? कोन टाकन खत? का आता उकंडा बी सगळ्याहिचा एकच करता?"

पुन्हा हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. ते उभे राहिले, चक्क हात जोडले. "दशरथ, पुन्हा म्हण."

"कायले? मजाक होती, दादा."

"होऊ दे मजाक. पुन्हा म्हण."

आणि तेच त्यांनी ठरावात घातलं. पीक ज्याचं त्याचं. पण उकंडा एकच. सगळ्या घरांचं शेण, काडीकचरा एका जागी, आणि ते खत सगळ्या जमिनीवर सारखं, म्हणजे वाटा फिरला तरी आपलं खत दुसऱ्याला गेलं असं कोणाला वाटणार नाही. परतीच्या वाटेवर ते पहिल्यांदाच भुकेले दिसले. स्टँडवर त्यांनी भजी घेतली, मलाही आग्रह केला. मग लगेच काळजी सुरू, "दशरथ मतदानाला येईल ना? तो फिरला तर त्याच्यामागे अर्धे फिरतील."

मतदान दिवाळीनंतरच्या रविवारी ठरलं होतं. दिवाळीच्या सुट्टीतच सर गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

त्यांचा पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसासाठी वंदना करायचा, कार्यक्रम त्याच विहारात झाला. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली, दोन-चार माणसं बोलली. आता उठायचं, तेवढ्यात सरांच्या आई म्हणाल्या, "सारे हायेत त मत घेऊनच टाका. त्याचं काम अर्धं नोका ठेवू."

हात वर झाले. बायकांचे आधी, मग पुरुषांचे, कोणी कोणाकडे पाहत. निम्मे हात वर झाले आणि बाकीचे थांबले. सगळे दशरथकडे पाहू लागले. तो भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीखाली. मग उठला आणि बाहेर निघून गेला. मला वाटलं, संपलं. सर ज्याला भीत होते तेच झालं.

बाहेर ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला, दूर गेला. कोणी जागचं हललं नाही. थोड्या वेळाने तोच आवाज परत आला. ऑटो दारात उभा राहिला तसा वास आला. ज्या सीटवर तो सवाऱ्या बसवायचा, त्यावर पोती अंथरून घरचं शेण भरून आणलं होतं त्याने.

"हात मी वर करत नाही," तो दारातूनच म्हणाला. "दादासंगं इतके साल भांडलो, आता गुपचूप हात वर करू काय? हे घ्या. कुठं टाकू तेवढं सांगा."

राहिलेले हात मग वर झाले. ठराव झाला. माणसं तशीच पांढऱ्या कपड्यांत, उकंड्याची जागा धरायला, वावराकडे निघाली.

सरांच्या आईंनी शेण वाहायला कोणाचीतरी टोपली मागून घेतली. मी त्यांच्यासोबत चालत होते. मी म्हटलं, "आई, सर असते तर आज निश्चिंत झाले असते."

"तो?" त्या थांबल्या. डोळे भरलेले होते आणि तरी हसू आलं त्यांना. "तो अन् निश्चिंत? संध्याकाळपावतर दुसरी काळजी हुडकून आणली असती त्यानं."

मग त्यांनी टोपली डोक्यावर घेतली आणि दशरथच्या ऑटोमागून चालू लागल्या.