सिस्टर आणि न विचारलेला प्रश्न

सुई टोचताना सिस्टर नसेकडे बघत नसत. बोटांनी नस चाचपायची, जागा सापडली की नजर थेट समोरच्याच्या तोंडावर. "हात कुठं पळून जाते? चक्कर आली तं पह्यले तोंडावर दिसते," म्हणायच्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या बाई आमच्या संशोधनासाठी गावोगाव रक्त घ्यायच्या आणि मी त्यांच्याबरोबर फॉर्म भरायची.

आपण खातो त्या तेला-तुपातली मेदाम्लं रक्तात उतरतात. त्यांच्यावरून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कुणाला जास्त, हे आधी ओळखता येईल का, एवढंच आम्ही शोधत होतो. अजून नक्की काहीच नव्हतं. सिस्टर घरोघरी स्पष्ट सांगत, "याचा रिपोर्ट तुमाले नाई भेटणार. पुढच्या लोकायच्या कामी येईन."

रक्त उपाशीपोटी द्यायचं, त्यामुळे घरची माणसं सकाळी चहाविना ताटकळायची. त्या घरातलं शेवटचं रक्त घेऊन होईपर्यंत सिस्टरही चहाला शिवत नसत. मी एकदा गुपचूप बिस्किट तोंडात टाकलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की घशाखाली उतरेना.

सेलूजवळच्या एका गावात तर कमालच झाली. रक्तातलं तेल तपासणार म्हटल्यावर बायकांनी आठ दिवस घरादाराला जवसाची चटणी खाऊ घातली. रक्त चांगलं निघावं म्हणून! मी कपाळाला हात लावला. सिस्टर मात्र पोट धरून हसल्या. "परीक्षा हाय म्हणून अभ्यास केला बिचाऱ्याईनं. लिही, आठ दिवस जवस. जे हाय ते लिही."

त्याच गावात माझी चोरी पकडली गेली. फॉर्मात एक प्रश्न होता, शौचातून रक्त पडतं का? बापाच्या वयाच्या माणसांना हे विचारायला माझी जीभ रेटत नसे. मी सरळ 'नाही' लिहून मोकळी व्हायची. परतीच्या एसटीत सिस्टर फॉर्म चाळत होत्या.

"इथं सारे नाईच काऊन?"

मी खरं ते सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाल्या, "लाज तुही हाय ना? मंग उत्तर त्याईचं काऊन लिवलं?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही पुन्हा त्या गावात; आधीची गावंही नंतर अशीच पुन्हा केली. प्रत्येक घरी प्रश्न मी विचारायचा, त्या नुसत्या बाजूला उभ्या. चक्कीवाल्या किसनाजींनी माझं ऐकून चक्की बंद केली.

"पडते ना. चार महिने झाले. मूळव्याध असन म्हटलं. आन् काल तुमी रक्त नेलंच. काई असन तं सांगानच ना तुमी?"

मी कालचं 'नाही' खोडलं. सिस्टरांनी त्यांना तिथल्या तिथे शर्ट बदलायला लावला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. दुर्बिणीने तपासल्यावर आतड्यात गाठ निघाली. पसरायच्या आत सापडली, ऑपरेशन झालं, दोन-अडीच महिन्यांत किसनाजी चक्कीवर परत बसले.

कामाच्या शेवटच्या दिवशी सिस्टर मला किसनाजींकडे घेऊन गेल्या. "मी काई सांगितलं नाई त्याईले. तूच सांग," एवढं बोलून त्या ओट्यावर बसल्या.

मी सांगितलं. पहिल्या दिवशी विचारलंच नव्हतं, 'नाही' मीच लिहिलं होतं. किसनाजींनी हातावरचं पीठ झटकलं.

"मंग दुसऱ्या दिवशी काऊन आली?"

"सिस्टरांनी आणलं."

त्यांनी ओट्याकडे पाहून हात जोडले. मला म्हणाले, "तू बी बस. चहा घेऊन जाजो."

सिस्टर आता हिंगणघाटला मुलाकडे असतात, मजेत आहेत. नव्या मुलींना फॉर्म भरायला मी शिकवते. त्या प्रश्नापाशी कुणी अडखळली की किसनाजींची हकीकत सांगते, माझ्या खोट्या 'नाही'सकट. सांगताना अजूनही कान गरम होतात. पण मग ती मुलगी तो प्रश्न विचारते.