दार लावण्याआधी

मालगोदामात कोळसा आला की लगेच उचलला जातो. किस्से मात्र कोणी उचलत नाही, ते साचतच जातात. उज्जैनच्या मालगोदामात मी बाबू होतो आणि माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या बाबूलालचे. त्या माणसाला मी रोज मनातल्या मनात हात जोडतो. का, ते शेवटी सांगतो.

बाबूलाल हमालांचा मुकादम. कोळशाच्या वॅगनला छप्पर नसतं, पण भिंती डोक्यापेक्षा उंच. बाजूची दारं लागली की आतला माणूस अडकलाच. बाहेरून डोकावलं तरी कोपरे दिसत नाहीत. म्हणून रिकाम्या वॅगनचं दार लावण्याआधी बाबूलाल पत्र्यावर दांडा आपटून विचारायचा, "कोई है क्या?" आत कधीच कोणी नसायचं. आम्ही त्याची भरपूर थट्टा करायचो.

*

एकदा आतून उत्तर आलं. बकरी होती. बाबूलालने तिला कान धरून माझ्या टेबलापाशी आणलं. "बाबूजी, बिना टिकट पकड़ी है."

*

आमच्या ऑफिसातला देशपांडे एकदा मुद्दाम आत लपला. दांडा वाजताच ओरडला, "हूँ ना, चाय भेजो!"

बाबूलालने चहा मागवला, आदराने आत दिला आणि दार लावून टाकलं. देशपांडे बराच वेळ आतून विनवण्या करत होता.

*

बाबूलालच्या मुलीचं लग्न गावातल्याच फ्रीगंज भागात झालं. वरात निघताना सवयीने त्याने बसच्या पत्र्यावर थाप मारली. "कोई है क्या?"

आतून अख्खी वरात ओरडली, "हैं!"

त्याने हात जोडले. "तो फिर मेरी बेटी का ध्यान रखना."

*

मे महिन्यातली दुपार. कोळसा पूर्ण उतरलाय का ते बघायला मी एकटाच एका वॅगनमध्ये चढलो आणि चक्कर येऊन कोपऱ्यात पडलो. शुद्ध होती, आवाज फुटत नव्हता. मोबाइल टेबलावर राहिलेला. गाडी परत खाणीकडे निघायची होती. शेजारच्या वॅगनची दारं लागल्याचं ऐकू आलं, तेव्हा मला बायकोचा चेहरा आठवला.

मग माझ्या डोक्याशी दांडा वाजला. "कोई है क्या?"

मी किल्ल्यांचा जुडगा कसाबसा पत्र्यावर आपटला.

मग बाबूलाल दारातून धडपडत आत आला, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि गमछा ओला करून तोंडावर फिरवला.

"बाबूजी," तो म्हणाला, "चाय बाद में भेजूँगा."