माझी मुलाखत आणि लातूरचा फोन

आमच्या घरात सगळ्यात खोटारडा माणूस मी आहे, आणि याचा व्हिडिओ-पुरावा उपलब्ध आहे.

मी लोहा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक. माझी लेक गार्गी तिथंच पाचवीत. (घरी मी पप्पा, शाळेत सर. अट तिचीच!) यंदा तिनं आणि तिची मैत्रीण शबाना हिनं शाळेचं बातमी-चॅनल काढलं. सरकारी शाळेत काय चांगलं चालतं ते गावाला दाखवायचं म्हणून. कल्पना माझीच. पहिली मुलाखतही माझीच!

"सर, सरकारी शाळाच कामून?" गार्गीनं विचारलं. शबानाच्या हातात शाळेचा टॅब. मी छाती फुगवली. खासगी शाळांना त्यांच्या टायपासून पिवळ्या बसपर्यंत झोडपलं. "माझी स्वतःची मुलगी इथं शिकते!" म्हणत टेबलावर मूठ आपटली, तोच तिथला माझा फोन वाजला. बंद करायला गेलो आणि घाईत उचलला गेला. त्यात कायम स्पीकरवर बोलायच्या सवयीनं बोट स्पीकरवरही गेलं!

"दाजी, काम झालं!" लातूरहून माझा मेहुणा ओरडला. "इंग्लिश स्कूलमधी गार्गीची सीट पक्की! तिला सांगितलं का अजून न्हाई?"

शबानानं टॅब तसूभर हलवला नाही.

"सर, हे खरं हाय?" गार्गीनं विचारलं.

"अगं, मामा गंमत करून राहिला."

"गंमत कसली, दाजी? फॉर्मवर तुमचीच सही हाय की!" (फोन अजून चालूच!)

"पप्पा," गार्गी म्हणाली, "मला विचारलं पण न्हाई?"

शाळेत तिनं मला पहिल्यांदाच पप्पा म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हणालो, "तेवढा भाग कापून टाका."

"न्हाई," गार्गी म्हणाली.

"मी मुख्याध्यापक म्हणून सांगतोय!"

"सर," शबाना म्हणाली, "गोड-गोडच दाखवलं तर लोक म्हणतेल, जाहिरात हाय."

घरी बायकोकडे दाद मागितली. ती म्हणाली, "फॉर्म भरताना मला तरी विचारलं होतं का?" झालं! अख्खं घर विरोधी पक्षात.

पालकसभेत शाळेच्या टीव्हीवर व्हिडिओ लागला. फोन आला तिथं गाव हसून लोळायचं बाकी राहिलं. मी खाली बघून सतरंजीच्या रेघा मोजत होतो. मग पडद्यावर एकटी गार्गी आली. "आमच्या सरांना शाळेचा भरवसा न्हाई. मला हाय. मला वाचताच येत नव्हतं. इथल्या बाईंनी रोज शेजारी बसवून शिकवलं. शबानाच्या घरी उर्दू बोलतेत, पण आमच्या चॅनलच्या बातम्या तीच मराठीत लिहिती. मी कुठंच जाणार न्हाई. कुणी बी सही करू द्या!"

हसणं थांबलं. शबानाचे अब्बा, गावातले टेलर, उभे राहिले. "गुरुजी, आम्ही पोरीला नांदेडला इंग्लिश शाळेत घालायचं म्हणत होतो. आता न्हाई घालत."

मी तिथूनच मेहुण्याला कळवलं, सीट नको. मग सगळ्यांसमोर गार्गीला म्हणालो, "चुकलो, बाई." तिनं मान डोलावली, आणि शबानानं तेही शूट केलं!

आता नवे पालक चौकशीला येतात. मी खाकरून सुरुवात करतो, "सरकारी शाळेचं महत्त्व म्हणजे..."

"तुम्ही ऱ्हाऊ द्या, सर," ते म्हणतात. "त्या दोन पोरींना बोलवा."

मी मुकाट्यानं उठतो आणि बोलवून आणतो. एवढं एक काम अजून माझ्या भरवशावर सोडलेलं आहे.