टेल्युरियमचा वास

टेल्युरियमची पावडर मी उघड्या हातांनी, पंख्याखाली बसून घोटली. धूर ओढून घेणारं कपाट शेजारीच रिकामं होतं. हातमोजे खिशात होते. पण उकडत होतं, आणि वाटलं, एवढ्याशा पावडरीने काय होतंय? इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीत पीएच.डी. करणाऱ्या माणसाचं हे डोकं.

दोन दिवसांनी ग्रुप मीटिंग. ठाण्यातलं कॉलेज, वरच्या मजल्यावरची लॅब. मी माझ्या नव्या स्फटिकांबद्दल सांगायला तोंड उघडलं, आणि सरांनी नाकाला रुमाल लावला. सर म्हणजे माझे गाईड. मृदू बोलणारे, कांदा-लसूण न खाणारे. आवाज अजिबात न चढवता म्हणाले,

"तुमच्याकडे सकाळी सकाळीच हे सगळं असतं का? घरी काय हवं ते खा. इथे येताना भान ठेवावं."

तुमच्याकडे म्हणजे कुठे, हे त्या टेबलावर कोणाला विचारावं लागलं नाही. माझं आडनाव सगळ्यांना माहीत. पाकिटातला बाबासाहेबांचा फोटोही माहीत.

कोणीतरी हसलं. मीही हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्याने. आपली चेष्टा झाली की पहिली टाळी आपणच द्यायची, ही माझी शाळेपासूनची युक्ती. मार कमी लागतो असं वाटतं. लागतो तेवढाच.

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची बाहेर. पॅसेजमध्ये, गॅसच्या सिलिंडरांशेजारी. "तिथे हवा खेळती आहे," सर म्हणाले. मी थँक यू म्हणालो. खरंच म्हणालो.

संध्याकाळी कल्याणला, आमच्या चाळीत, आईला सांगितलं, "आई, उद्यापासून लसूण बंद."

"का रे? पोट बिघडलंय?"

"लॅबमध्ये वास येतो म्हणतात."

आईने माझ्याकडे पाहिलं. ठेच्याची बरणी वरच्या फळीवर सरकवली. बाबा जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "ही डाळ आहे का सलाईन?" कोणी हसलं नाही.

मी लवंग चघळली. बडीशेप खाल्ली. हिरड्या सोलवटेपर्यंत दात घासले. वास जाईना. मिहीर, माझ्यासोबत काम करणारा, घोडबंदरला राहणारा, गाडीने येणारा, लांबूनच हात करायला लागला. अंतर ठेवून, पण प्रेमाने.

मग सरांनी बोलावलं. बाहेरचे परीक्षक येणार होते. माझ्या स्फटिकांवर पहिलं सादरीकरण. गंधक आणि टेल्युरियम यांची जोडी लावलेली मी, महिनोन्‌महिने खपून. आणि आमच्या लॅबची रीत अशी, की जो मांडतो त्याचं नाव पेपरवर पहिलं.

"मिहीर मांडेल," सर म्हणाले. "तुझी सध्या अडचण आहे ना."

मी मान डोलावली. मानेला सवय होती.

घरी जाताना स्टेशनबाहेर शेअर रिक्षात पुढे बसलो. ड्रायव्हरने नाक मुरडलं. "काय भाऊ, लसणाच्या गोणीवर झोपलेलास का?"

"नाही रे. दहीभात खाल्लाय. मी केमिस्ट्रीत..."

पुढचं वाक्य आलंच नाही.

टेल्युरियम. गंधकाच्याच घराण्यातलं. कणभर अंगात गेलं तरी श्वासाला, घामाला लसणाचा वास मारतो, आठवडे आठवडे. या कामात पडलेल्या कोणालाही हे माहीत असतं. सरांनीच शिकवलेलं आम्हाला, एम.एस्सी.ला, पहिल्याच तासाला. वर्ग खो खो हसलेला.

"भाऊ, उतरा की," ड्रायव्हर ओरडला. माझा थांबा मागे राहिलेला.

सादरीकरणाच्या दिवशी मी आत गेलो. पहिल्या रांगेत बसलो. मिहीर पुढे उभा राहिला, पडद्यावर माझा स्फटिक. मी उठलो.

"मिहीर, बस. काम माझं आहे."

सर अर्धे उठले. "अरे, पाहुण्यांना त्रास होईल. वास..."

"टेल्युरियमचा आहे, सर. मी मूर्खासारखी पावडर पंख्याखाली घोटली. चूक माझी. पण तुम्ही जन्मभर याच घराण्यावर काम केलंत. तुम्हाला टेल्युरियम आठवलं नाही. माझं घर आठवलं."

एक परीक्षक खाली बघायला लागले. सर हळू म्हणाले, "हे वैयक्तिक घेऊ नकोस."

"मग कसं घेऊ?"

मिहीर बसला. मी बोललो. दोनदा अडखळलो, एक आकृती उलटी दाखवली. पण शेवटपर्यंत बोललो.

टाळ्या वगैरे काही नाही. निघताना सरांनी सांगितलं, "तुला गाईड करायचं की नाही, याचा मला विचार करावा लागेल." करू देत. खुर्ची मी स्वतः उचलून आत आणली. जागच्या जागी ठेवली. प्राचार्यांकडे तक्रार दिली आहे, ती मागे घेणार नाही. गाईड बदलून मागणार नाही. पेपरवर माझं नाव पहिलं लागेल, नाहीतर तो पेपर मी जाऊ देणार नाही. आणि माझ्यावरच्या चेष्टेला आता मी टाळी देणार नाही. ज्याला हसायचंय त्याने एकट्याने हसावं.

हे सगळं घरी सांगितलं, जरा छाती पुढे काढूनच. बाबा म्हणाले, "बरं केलंस." आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली,

"ते सर परके. पण तुला पण आधी माझीच फोडणी आठवली ना रे?"