मोटारवाले मामा आणि माझा कॉम्प्युटर

आधी माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहावं असा माझा काहीच अधिकार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि घरातलं आजवरचं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे वस्तीच्या रस्त्यासाठी तहसीलदारांना दिलेला पावणेदोन पानी अर्ज; तोही दुसऱ्याकडून लिहून घेतलेला. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट मी न अडखळता सांगू शकतो: तळेगाव ढमढेऱ्यापासून दौंडपर्यंत यंत्रांवर इतका विश्वास आणि यंत्रांच्या मालकांवर इतका संशय असलेला माणूस मोटारवाल्या मामांशिवाय दुसरा सापडणार नाही.

मामा माझे सख्खे मामा नाहीत. ते कुणाचेच सख्खे नाहीत, म्हणून सगळ्यांचे आहेत. तळेगावात बाजारतळाच्या कडेला त्यांचं रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाण्याची मोटार उघडायची आणि तिच्यात नवी तांब्याची तार भरायची, हा त्यांचा धंदा. तरुणपणी दौंडला स्टेशनजवळच्या एका उस्तादाकडे पंखे भरायला शिकले, तेव्हापासून जगातली प्रत्येक वीज खाणारी वस्तू त्यांच्यासाठी स्त्रीलिंगी आहे. दुकानात ‘खराब’ हा शब्द चालत नाही. ‘मामा, मोटार खराब झाली’ म्हणत कुणी पायरी चढला, की मामा मान वर न करता म्हणतात, “खराब तू झाला असशील. तिला काय झालंय ते सांग.” मग डॉक्टर विचारतो तशी चौकशी होते. कवा आणली, कुठं ठेवली, उन्हात होती का, शेवटचं नीट कवा चालली. मीटर त्यांच्याकडे आहे, पण तो लोकरीच्या पायमोज्यात गुंडाळून ठेवलेला असतो. खरी तपासणी लांब स्क्रू ड्रायव्हरने होते. टोक मोटारीला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. एकदा एक शेतकरी मोटार जीपमध्ये घालून चार कोस दणके खात आला. मामांनी हाताने ती नुसती फिरवली, ऐकली आणि सांगितलं, “हिला काय बी झालेलं न्हाई. घरी जाऊन फ्यूज बघ. आन् निताना खाली गोणपाट टाक, अंग दुखत आसंल तिचं.” फ्यूजच गेला होता. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं: “यंत्र कधी बिघडत न्हाई. त्याला कुणी तरी उपाशी ठिवतं, न्हाईतर कोंडून मारतं.”

हे तत्त्वज्ञान मी लहानपणापासून ऐकत होतो आणि मनात हसत होतो, कारण मी कॉम्प्युटर सायन्स शिकत होतो. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून मी बैलगाडा शर्यतीचा गेम बनवायला घेतला. त्यासाठी पुण्याहून एकेक भाग आणून मी स्वतःच्या हाताने गेमिंग कॉम्प्युटर जोडला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. वस्तीवरची माणसं बघायला आली, आणि त्यांना मी अर्धा तास प्रोसेसर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या कॉम्प्युटरने माझी अब्रू काढायला सुरुवात केली. प्रोसेसरचा वेग चार गिगाहर्ट्झच्या घरात असायला हवा, तो गेम सुरू केला की एकाच्या खाली यायचा. पडद्यावरचे बैल देवाला सोडल्यासारखे निवांत चालायचे. आणि सकाळी अकराच्या सुमारास, ते कसेबसे घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर शिरले, की सगळा कॉम्प्युटरच बंद पडायचा. वडील मागे उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, “आपला म्हातारा सोन्या बैल बी घाटात असा बसत नव्हता.” मी विंडोज सात वेळा नव्याने टाकली. इंग्रजीतले व्हिडिओ बघितले, त्यातलं निम्मं समजलं आणि उरलेलं निम्मं करून पाहिलं. टेबलफॅन आणून कॉम्प्युटरसमोर लावला आणि मी घामाघूम होऊन बाजूला बसलो. आई म्हणाली, “मोटारवाल्या मामांना इचार की.” मी तिला जरा जोरातच म्हणालो, “आई, हा कॉम्प्युटर आहे, विहिरीवरची मोटार नाही!”

प्रोजेक्ट दाखवायला चार दिवस उरले. गेम अर्धा होता आणि तो पुरा झाला नाही तर वर्ष वाया जाणार होतं. वर्षाचं एक वेळ ठीक, पण ‘कॉम्प्युटरचं शिकलेल्या पोराला सोताचा कॉम्प्युटर चालवता येईना’ हे वस्तीभर झालं असतं, आणि आईवडिलांना ते रोज ऐकावं लागलं असतं. मला जेवण जाईना. आईने मला न विचारता फोन केला आणि सकाळी दहाला मामा सायकलवरून आले. हँडलला पिशवी, पिशवीत एक पिवळा बल्ब, त्याला दोन वायरी.

“काय रं इंजिनेर, काय म्हंती ही?”

मी पॉवर सप्लाय, वॅटेज, ड्रायव्हर असं काय काय बोललो. मामांनी ते पाहुण्यांच्या लहान पोराची कविता ऐकावी तसं ऐकून घेतलं. “डब्यावर किती लिवलंय?”

“साडेचारशे वॅट.”

“लिवलंय ठीक. तिला घालता किती?”

त्यांनी तो बल्ब माझ्याच बोर्डाला जोडला, खुर्ची ओढली आणि बघत बसले. एक तास. मी मध्ये दोनदा म्हणालो, “मामा, तसं नसतं ते.” अकराला शेतीची वीज आली. आमच्या वस्तीवर घरं आणि मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत, आणि सगळ्यांनी मोटारींना ऑटो लावलेत. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. दहाबारा मोटारी एकदम उठल्या. बल्ब मावळतीच्या सूर्यासारखा लाल झाला आणि कॉम्प्युटर बंद.

“बघ,” मामा म्हणाले. “ही जेवाया बसली की बाराजणी येऊन ताट वढत्यात. उपाशी हाय पोर.”

तीन वर्षं कॉम्प्युटर शिकत होतो, पण त्याची वायर पिनपासून मागे कुठे जाते हे मी कधी बघितलंच नव्हतं. मामांनी दुकानातून स्टॅबिलायझर आणून लावला. तेवढ्यावर न थांबता बांधाबांधाने फिरून प्रत्येकाला सांगितलं, “चार दिस ऑटो काढा, पाळीनं मोटारी लावा. पोराची परीक्षा हाय. कांदं काय चार दिसांत मरत न्हाईत.” लोकांनी ऐकलं. न ऐकून सांगतात कुणाला. सगळ्यांच्या मोटारी शेवटी मामांकडेच जातात.

कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला, पण बैल अजून रमतगमतच होते. मामांनी झाकण काढायला लावलं. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान शंभराच्या आसपास दिसत होतं. मामांनी हाताची मागची बाजू प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या पत्र्यांना लावली आणि त्यांची भुवई वर गेली.

“आत चूल पेटलीय म्हंतोस, आन् धुराडं गार कसं?”

कॉम्प्युटर बंद करून मामांनी चार स्क्रू सोडवले आणि पंखा उचलला. पंख्याच्या तळाला, जिथे तांबं प्रोसेसरला टेकायला हवं, तिथे एक स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हे आधी काढावं. आमच्या अख्ख्या घराण्यात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा.

खरं सांगायचं तर मला ते दिसलं होतं. पण आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायची पद्धत नाही. फ्रिजच्या दारावर आहे, रिमोटवर आहे, चुलत्यांच्या गाडीच्या सीटवर तर तीन उन्हाळे होतं. प्लास्टिक काढणं म्हणजे वस्तूचा नवेपणा संपवणं. मी ते जपून, कोपरे दाबून, तसंच ठेवलं होतं.

मला वाटलं, आता मामा हसणार आणि उद्या बाजारतळावर सगळं तळेगाव हसणार. मामांनी प्लास्टिक सोलून काढलं, खिशात घातलं आणि म्हणाले, “आमच्या टीव्हीचं अजून हाय.” मी प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी उरलेली पेस्ट लावून पंखा बसवला. बैल असे सुटले, की वडिलांनी मागून “हुर्र्या!” केलं.

गेम पुरा झाला. कॉलेजात बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “अडचणी काय आल्या?” मी विजेचा दाब आणि उष्णतेची वाट यावर व्यवस्थित बोललो, बल्बचा प्रयोगसुद्धा सांगितला. सर खुर्चीत पुढे सरकले. “हे कुणी शिकवलं?”

मी म्हणालो, “स्वतःच शोधलं, सर.”

त्यांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्यानंतर दोन महिने मी तळेगावातून जाताना जीपमध्ये दुकान दिसणार नाही त्या बाजूला बसत होतो. मामांना सांगायचं काय ते वहीत लिहून पाठ केलं होतं. एकदा पायरीपर्यंत गेलोही. मामा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून डोळे मिटून बसले होते, आणि कामात व्यत्यय नको असं स्वतःला सांगून मी परत फिरलो.

गेल्या आठवड्यात दौंडला एका लग्नाला निघालो होतो. जीपमध्ये शेजारी मांडवगण फराट्याचे एक आबा बसले होते. कुठला, कुणाचा, काय शिकतोस, असं विचारता विचारता ते एकदम माझ्याकडे वळले.

“म्हंजी तो कॉम्प्युटरवाला तूच व्हय? आरं, माझ्या नातवाचा कॉम्प्युटर बंद पडतोय. मोटार भराया टाकली तवा मामांना म्हनलं, तुमी या. तर म्हनले, मला त्यातलं काय बी कळत न्हाई. आमच्या तळेगावचं एक पोरगं हाय, सोताचं दुखनं सोता शोधून काढलं त्येनं. मी गेलतो तिथं, निस्ता च्या पिऊन आलो, आसं म्हनले मामा.” आबांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. “घाल तुजा नंबर. जो येतो त्येला हेच सांगत्यात ते, दोन महिनं झालं.”